छत्री गेली, पाऊल राहिलं

१९४३ साली चिनी चांद्र नववर्ष ५ फेब्रुवारीला आलं. शेन्शी प्रांताच्या उत्तर भागात येनान नावाचं गाव आहे. पिवळ्या मातीच्या टेकड्या, टेकड्यांत कोरलेली गुहाघरं आणि त्या काळी चिनी कम्युनिस्ट पक्षाचं मुख्य ठाणं. त्या नववर्षाच्या दिवसांत इथल्या लू शुन कला अकादमीची मंडळी ढोल-झांजा वाजवत रस्त्यावर उतरली आणि गोल करून उभ्या राहिलेल्या शेतकरी-शिपायांपुढे त्यांनी एक नाटुकलं केलं. भाऊ माळावर कुदळ मारतोय. बहीण जेवण घेऊन येते. तिची फिरकी घ्यावी म्हणून भाऊ झोपेचं सोंग घेतो, कामचुकारासारखं बोलतो. बहीण खवळते, तक्रार करीन म्हणून दम देते. मग भाऊ हसत खरं काय ते सांगतो आणि दोघं मिळून पडीक जमीन फोडायला लागतात. गोष्ट एवढीच. भाऊ झाला होता वांग दाहुआ, बहीण ली बो आणि संगीत होतं आन बो यांचं.

लिहिणाऱ्यांच्या मनात आधी नवरा-बायको होते. पण हे नाटुकलं ज्या नाचाच्या अंगाने बसवलं होतं, त्या यांगगेत बाई आणि पुरुष समोरासमोर आले की पुढे काय होणार हे प्रेक्षकांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ होतं. डोळे मोडणं, चिमटे, दुहेरी अर्थाचं बोलणं. नवरा-बायको दाखवले तर लोक कुदळीकडे बघणारच नाहीत, अशी धास्ती होती. म्हणून नवरा-बायकोचे बहीणभाऊ झाले. लोकांचा नाच घ्यायचा, पण त्यातलं अमुक ठेवायचं आणि तमुक काढायचं, हा व्यवहार तिथे सुरू झाला. पुढची ऐंशी वर्षं यांगगे ज्यांच्या ज्यांच्या हाती गेला, त्या प्रत्येकाने हा व्यवहार आपापल्या परीने केला.

उत्तर चीनमधल्या खेड्यांचा यांगगे हा हिवाळी सवडीचा नाच. शेतं गोठलेली, हाताला काम नाही आणि नववर्षापासून पहिल्या पौर्णिमेच्या दिव्यांच्या सणापर्यंतचा पंधरवडा मोकळा. सतराव्या शतकाच्या अखेरीस यांग बिन नावाचा एक लेखक ईशान्य सरहद्दीवरच्या निंगुता या थंड ठाण्यावर गेला. त्याच्या वडिलांना तिथे हद्दपार केलेलं होतं. तिथल्या मुक्कामाची जी टिपणं त्याने लिहिली, त्यांत पौर्णिमेच्या रात्रीचा यांगगे आहे. तीन-चार पोरं बायकांचा वेष करतात, आणखी तीन-चार जण अधिकाऱ्याचं सोंग घेतात, हातातले दांडके एकमेकांवर आपटत नाचतात. पुढे छत्री आणि दिवा घेतलेला, मलमाच्या पट्ट्या विकणारा एक सोंगाड्या. नाच झाला की गाणं, गाणं झालं की पुन्हा नाच, असं उजाडेपर्यंत.

असाच छत्रीवाला उत्तर शेन्शीत नाचाचा म्होरक्या असतो. तिथली रीत अशी: फड आधी देवळात जाऊन देवापुढे नाचतो. मग गावात घरोघर फिरतो, आपल्या कोकणात शिमग्याची सोंगं अंगणाअंगणांत जातात तसा. छत्रीवाला दारात उभा राहतो, छत्री वर करतो, वाद्यं थांबतात आणि तो त्या घरावर चार ओळी रचून म्हणतो. या ओळी आधी लिहून आणलेल्या नसतात. घरात सून नवी आली असेल, गाढवी व्यायली असेल, म्हातारा आजारातून उठला असेल, तर ते ओळींत यायला हवं. यजमान कंजूष असेल तर तेही, पण हसत हसत. शेवटच्या ओळी सगळा फड उचलून धरतो, पुन्हा ढोल आणि सुओना वाजू लागतात. सुओना म्हणजे आपल्या सनईच्या जातीचं, पण फार कडक आवाजाचं वाद्य. यजमान खाऊ-दारू देतो, पुढच्या दाराकडे मोर्चा वळतो. छत्रीचा संबंध पावसाशी जोडतात, आणि त्या कोरड्या मुलखात पाऊस मागणं ही काही शोभेची गोष्ट नव्हती.

पंधराव्या रात्री शेवटचा मोठा कार्यक्रम. मोकळ्या शेतात एकोणीस गुणिले एकोणीस अशा ३६१ खुंट्या रोवून प्रत्येकीवर दिवा ठेवतात. खुंट्यांमधून नऊ वळणांची एकच वाट. पुढे छत्रीवाला, मागे फड, त्यामागे म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळं गाव. ती वाट न चुकता पार केली की वर्षाची इडापिडा टळली.

पाऊल म्हणाल तर सोपं. तीन पावलं पुढे, एक मागे; किंवा चार पावलांत जमिनीवर फुली काढायची. गंमत पावलापेक्षा वर आहे. गुडघा किंचित सैल, कमर एकीकडे, खांदे दुसरीकडे आणि कमरेच्या रेशमी पट्ट्याची टोकं दोन्ही हातांत. बायकांची कामं पुरुष करत. तोंड रंगवलेला सोंगाड्या त्यांच्या मागे लागे आणि मोठ्यांदेखत बोलता न येणाऱ्या गोष्टी वर्षातून एकदा चारचौघांत बोलल्या जात. प्रांतोप्रांती रूपं वेगळी. ईशान्येत उंच काठ्यांवर चढून नाचतात, शांतुंगमधल्या एका प्रकारात ढोल, छत्री आणि दांडके घेतलेले पुरुष मैदानभर धावत व्यूह रचतात, तर त्याच प्रांतातल्या च्याओचौच्या यांगगेत बायकी पावलांचा असा पीळ आहे की कमर मोडते की काय असं वाटावं.

या गावठी प्रकाराकडे शिकलेल्यांचं लक्ष आधी वळलं ते हेबेई प्रांतातल्या तिंग तालुक्यात. जनशिक्षण चळवळीचं मोठं केंद्र तिथे होतं. यांगगे हेच नाव लावणारं एक गावरंगभूमीचं रूप त्या भागात चाले. १९२९च्या सुमारास ली जिंगहान आणि चांग शिवेन यांनी त्यातली नाटकं तोंडी सांगवून घेऊन उतरवली. १९३३ साली ४८ नाटकांचा संग्रह छापून झाला. त्यात रडकी आहेत, वात्रट आहेत, सासू-सुनेची आहेत. संग्राहकांनी फारशी निवड केली नाही. नटाला येतं ते लिहून घ्यायचं, एवढाच हिशेब होता. येनानचा हिशेब वेगळा होता.

१९४२ सालापर्यंत लू शुन अकादमीच्या रंगमंचावर गोगोल, चेकॉव्ह आणि मोलिएर चालत. शांघाय-पेकिंगहून आलेल्या कलावंतांना ते आवडे. गुहांच्या खालच्या वस्तीतल्या शेतकऱ्याला त्याचा पत्ता नसे. राष्ट्रवादी सरकारच्या नाकेबंदीमुळे पक्षाला धान्य, कापड, सरपण सगळं इथेच पिकवायचं-विणायचं होतं आणि त्यासाठी हाच शेतकरी सोबत हवा होता. २ ते २३ मे १९४२ या काळात येनानमध्ये साहित्य-कलाविषयक परिषद भरली. कला कामगार, शेतकरी आणि शिपायांसाठी असली पाहिजे, असं माओ त्से तुंग यांनी तिथे बजावलं. त्यानंतर चेकॉव्ह बाजूला पडला आणि कलावंत खेड्यांकडे ढोल शिकायला निघाले.

याच येनानला फेब्रुवारी १९३९मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक पोचलं होतं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस पुढे आघाडीवर गेले आणि तिंगच्या शेजारच्याच थांग तालुक्यात ९ डिसेंबर १९४२ रोजी वारले. नवा यांगगे त्यानंतर दोनच महिन्यांनी आला.

पहिल्या फेरीत काही कलावंतांनी जुन्या सोंगाड्याचा रंग तोंडाला फासला होता. टीका झाली: कष्टकरी माणसाला हास्यास्पद का दाखवता? रंग उतरला. सोंगाड्या पुरता गेला नाही, पण त्याची जागा बदलली. विदूषकी चेहरा आता जपानी शिपायाला आणि फितुरांना. बायकांची कामं बायका करू लागल्या, हा बदल मात्र खरोखर मोठा होता. व्यूहात पंचकोनी तारा आला. आणि फडाच्या पुढची छत्री काढून घेतली गेली. तिच्या जागी कामगाराच्या हाती हातोडा आणि शेतकऱ्याच्या हाती विळा आला.

छत्री काढणं वरवर किरकोळ वाटतं. पण छत्रीबरोबर देऊळ गेलं, पावसाचं मागणं गेलं आणि दारात उभं राहून त्या घरापुरतं बोलणारा माणूस गेला. नव्या फडाचे शब्द आधी लिहिलेले असत आणि ते सगळ्या दारांत सारखेच असत. चोव यांग हे पक्षाचे साहित्यधुरीण. १९४४च्या वसंतोत्सवातल्या, म्हणजे नववर्षाच्या सणातल्या, ५६ नाटुकल्यांचा त्यांनी लेखात आढावा घेतला. त्यांतली २६ उत्पादनावर, १७ सैन्य आणि जनता यांच्या संबंधांवर, बाकीची गावचं संरक्षण, शत्रूच्या पिछाडीचा लढा, खंडकपात अशा विषयांवर. प्रेमाला त्या वर्गवारीत खण नाही.

तरीही हे सगळं वरून लादलेलं होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. लोकांनी ते उचललं. अकादमीचा फड दिसला की ‘लू-ई घरची मंडळी आली’ म्हणत माणसं मैलभर मागे चालत. लू-ई म्हणजे लू शुन अकादमीचं आखूड नाव. आपल्या बोलीत, आपल्या चालीवर, आपल्या शेताबद्दल कुणी शिकलेला माणूस गातोय, हे त्या मुलखाने आधी पाहिलंच नव्हतं. वर्ष-दीड वर्षात तीनशेहून अधिक यांगगे-नाटुकली तयार झाली. त्यातूनच १९४५ साली ‘पांढऱ्या केसांची मुलगी’ हे मोठं संगीतनाटक उभं राहिलं. जपान हरल्यावर कलावंतांचे जथे ईशान्येकडे गेले, नाच बरोबर घेऊन. वांग दाहुआही गेला. डिसेंबर १९४६मध्ये तिथेच गाडीतून पडून त्याचा मृत्यू झाला. वय अवघं सत्तावीस.

१९४९ साली कम्युनिस्टांची मुक्तिसेना एकेका शहरात शिरली तेव्हा तिच्यापुढे आणि मागे यांगगे होता. पेकिंगमध्ये, शांघायमध्ये विद्यार्थी, कापडगिरण्यांतल्या कामगार बायका, दुकानातली पोरं कमरेला लाल पट्टा बांधून तीन पावलं पुढे, एक मागे करत रस्ते अडवू लागली. नव्या राजवटीच्या स्वागताची ती सर्वांत सोपी खूण होती. पंधरा मिनिटांत शिकता येई. पण याच सोपेपणाने नाचाचा घात केला. शहरी माणसाला तेच पाऊल रोज बघून कंटाळा आला. शिकलेल्यांना तो ओबडधोबड वाटे. आणि सरकारला आता जगापुढे ठेवायला काहीतरी सफाईदार हवं होतं, मॉस्कोच्या बॅलेच्या पंक्तीला बसेल असं. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रस्त्यावरचा यांगगे ओसरला.

सफाईचं काम ज्या बाईंच्या हाती आलं त्या दाई आयलिएन चीनमध्ये जन्मल्याच नव्हत्या. जन्म १९१६चा, त्रिनिदादमधला. घराणं ग्वांगतुंगमधून तिकडे गेलेलं. किशोरवयात लंडनला जाऊन त्यांनी अँटन डोलिन आणि मारी रँबेर यांच्याकडे बॅलेचे आणि कुर्ट योस यांच्या संस्थेत आधुनिक नृत्याचे धडे घेतले. १९४० साली त्या हाँगकाँगमार्गे युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये आल्या, तेव्हा त्यांना चिनी धड बोलता येत नव्हतं. सरहद्दीवरच्या तिबेटी वस्त्यांत जाऊन त्यांनी तिथले नाच लाबान पद्धतीच्या खुणांनी कागदावर उतरवले आणि १९४६ साली छोंगछिंगमध्ये सरहद्दीच्या लोकांच्या संगीत-नृत्याचा मोठा कार्यक्रम केला. त्याआधी हे नाच शहरी रंगमंचावर आणण्याच्या लायकीचे फारसे कुणी मानले नव्हते.

१९५३ सालचं त्यांचं ‘कमळनृत्य’ पूर्व कान्सूच्या यांगगेतून निघालं. लांब घागऱ्याखाली टाच-चवडा इतक्या बारीक आणि जलद पावलांनी सरकतो की नाचणाऱ्या चालत नसून पाण्यावरून वाहत जाताहेत असं वाटतं. बुखारेस्टच्या जागतिक युवक महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं. मूळ यांगगेतलं काय उरलं होतं? घराघरांतून फिरणं नाही, सोंगाड्या नाही, गाणाऱ्याचा खट्याळपणा नाही. एक पाऊल आणि एक फूल. पण ते पाऊल इतकं घोटलेलं होतं की एरवी ज्याला कुणी नाच म्हटलं नसतं, त्याला कलेचा दर्जा मिळाला. १९५४ साली पेकिंगची नृत्यशाळा निघाली आणि दाई तिच्या पहिल्या प्रमुख झाल्या. तिथे गावोगावच्या जुन्या नाचणाऱ्यांकडून घेतलेलं पाऊल मोजून, तोडून, क्रमाने लावून अभ्यासक्रम तयार झाला. च्याओचौचा आणि ईशान्येचा यांगगे आजही तिथले विद्यार्थी त्याच क्रमाने शिकतात.

सांस्कृतिक क्रांतीच्या १९६६ ते १९७६ या दशकात खेड्यातली देवळं मोडली गेली, जुने सणविधी ‘जुनाट’ ठरून बंद पडले आणि दाईंना शेतमजुरीला पाठवलं गेलं. त्यानंतर जे राहिलंय ते तरी नोंदवून ठेवू, या घाईतून एक प्रचंड काम उभं राहिलं. लोककलांच्या दहा संकलनमाला, प्रांतवार, मिळून २९८ खंड. छपाई पुरी व्हायला २००९ उजाडलं. त्यातली लोकनृत्यांची माला नर्तक वू श्याओबांग यांच्या नेतृत्वाखाली १९८१ साली सुरू झाली. एकेका नाचासाठी कार्यकर्ते खेड्यात जात, म्हाताऱ्यांना नाचायला लावत आणि मग कागदावर मांडणी करत: हाताची ठेवण, पायाची ठेवण, प्रत्येक मात्रेला शरीर कुठे वळलं त्याची रेखाचित्रं, ढोलाचे बोल, पोशाखाचं बेतलेलं माप, मैदानावरच्या वाटांचे बाणांसह नकाशे. छत्रीवाल्याच्या ओळीही घेतल्या, पण त्या दिवशी त्याने म्हटल्या तेवढ्याच.

कार्यकर्ते वह्या घेऊन हिंडत होते, त्याच सुमारास एका चित्रपटाने येनानच्या संकलकालाच गोष्टीत ओढलं. छेन खायगे यांचा १९८४चा ‘पिवळी माती’. काळ १९३९चा. येनानहून एक शिपाई लोकगीतं गोळा करायला उत्तर शेन्शीत येतो. ज्या घरी उतरतो तिथली मुलगी लग्नातून सुटण्याची आशा त्याच्यावर ठेवते आणि त्याला तिच्यासाठी काही करता येत नाही. चित्रपटात अन्साई तालुक्याचे कंबरेला ढोल बांधलेले नाचणारे धूळ उडवत कॅमेऱ्यावर चाल करून येतात, आणि दुसरीकडे उघडेबोडके शेतकरी पाऊस मागायला जमिनीवर लोटांगण घालतात. गाणी गोळा होतात, गाणारी हातची जाते. कॅमेरा होता चांग यिमौ यांचा.

खेड्यात १९८०च्या दशकात देवळं पुन्हा बांधली जाऊ लागली, तसा छत्रीवाला परतला. शहरात नाच परतला तो निराळ्याच दारातून. नव्वदीच्या दशकात सरकारी कारखाने माणसं कमी करू लागले. पन्नाशीतल्या बायकांना घरी बसवलं गेलं. संध्याकाळी पेकिंगच्या उड्डाणपुलांखाली आणि बागांत त्या पंखे-पट्टे घेऊन ढोलाच्या तालावर नाचू लागल्या. त्यांच्यापैकी कित्येकींच्या लहानपणी गल्लीत १९४९ ते ५५चा यांगगे दणाणला होता. आसपासच्या इमारतींतून आवाजाच्या तक्रारी आल्या, वेळा ठरल्या, ढोलांची जागा ध्वनिफितींनी घेतली आणि यातूनच आजचं ‘चौकनृत्य’ देशभर पसरलं. २०१५ साली क्रीडा प्रशासन आणि सांस्कृतिक मंत्रालयाने या नाचाचे बारा प्रमाण संच जाहीर केले, तेव्हा बायकांनी नाराजी दाखवली. पाऊल कुणीतरी ठरवून देण्याची ही त्यांच्या आयुष्यातली पहिली वेळ नव्हती.

२००४ साली चीनने युनेस्कोचा अमूर्त वारशाचा करार स्वीकारला. २००६च्या पहिल्या राष्ट्रीय यादीत ५१८ नोंदी होत्या. त्यांत यांगगेची सहा स्थानिक रूपं आहेत. उत्तर शेन्शीचं आणि च्याओचौचं त्यातच. दाई आयलिएन त्याच वर्षी फेब्रुवारीत वारल्या. २०११ साली स्वतंत्र कायदा झाला. नाच पुढच्या पिढीला देणाऱ्या ‘वारसदारां’ना केंद्राकडून वर्षाला आठ हजार युआन मिळत. ते दहा हजार झाले आणि २०१६पासून वीस हजार. पैसा कामाचा आहे, यात शंका नाही. पण हा हिशेब एकेकट्या माणसाच्या नावाचा. यांगगे हा पन्नास-शंभर जणांचा फड. वारसदार म्हणून कोणाचा फोटो लावायचा, ढोलवाल्याचा, सोंगाड्याचा की शंभराव्या नंबरवरच्या पोराचा?

२८ जानेवारी २०२५च्या रात्री चिनी दूरचित्रवाणीवरच्या वसंतोत्सवाच्या कार्यक्रमात सोळा मानवाकृती यंत्रमानवांनी ईशान्येचा यांगगे केला. फुलाफुलांच्या बंड्या घालून, बोटावर लाल रुमाल गरगर फिरवत, रुमाल उडवून परत झेलत, माणसांच्या बरोबरीने. दिग्दर्शन चांग यिमौ यांचं. प्रेक्षक हसले, भारावले, काहींना वाईट वाटलं. या नाचातलं काय जपता येतं, या जुन्या प्रश्नाचं उत्तर मला त्यात दिसतं. ऐंशी वर्षं ज्याने त्याने या नाचातून पाऊल उचललं: येनानने प्रचारासाठी, नृत्यशाळेने रंगमंचासाठी, संकलकांनी नोंदीसाठी. पाऊल मोजता येतं, लिहिता येतं, शिकवता येतं, म्हणून ते जपणं प्रत्येकाला जमलं. आता ते यंत्रालाही येतं, म्हणजे त्याची काळजी मिटली म्हणायला हरकत नाही.

काळजी आहे ती दुसऱ्या अर्ध्या भागाची. २००८ साली राष्ट्रीय यादी वाढवली, तेव्हा पीत नदीच्या पलीकडे शान्शी प्रांतातल्या लिनश्येनचा छत्रीवाल्याचा यांगगे तिच्यात आला. ज्याच्या हातून छत्री काढून घेतली होती, तो पासष्ट वर्षांनी सरकारी दप्तरात मानाने दाखल झाला. चांगलं झालं. पण त्याचं काम दारात उभं राहून त्या घराबद्दल बोलण्याचं. त्यासाठी या वर्षी कोणाची सून आली, कोण दवाखान्यात होतं, कोणाशी कोणाचं बोलणं बंद आहे, हे त्याला ठाऊक असावं लागतं. या खेड्यांतली कर्ती माणसं अकरा महिने शहरात कामाला असतात आणि नववर्षाला दहा-पंधरा दिवसांपुरती येतात. वारसदाराच्या अर्जात किती पावलं येतात, किती शिष्य तयार केले, हे विचारतात. गावातल्या किती घरांची खबर तुला आहे, असा रकाना त्यात नाही. तो असायला हवा.